दाढ ठेवावी की काढावी

मनुष्यदेहातील बहुतेक अवयवांच्या बाबतीत वैद्य रुग्णापुढे पर्याय ठेवीत नाहीत. डोळा वाचण्यासारखा असला तर वाचवतात, हाड सांधण्यासारखे असले तर सांधतात, आणि पैशाची गोष्ट उपचाराची दिशा ठरून गेल्यावर निघते. दाताचे तसे नाही. भंगलेल्या किंवा आतून पोखरलेल्या दाढेची तपासणी झाली की दंतवैद्य हातातला आरसा खाली ठेवतो आणि ‘काढून टाकायची की वाचवायची?’ असे रुग्णालाच विचारतो; आणि ज्याने जन्मात स्वतःची दाढ नीट पाहिलेली नाही अशा त्या माणसाला, ठणका चालू असताना, खिशातल्या रकमेचा अदमास घेत, एकदा गेल्यावर पुन्हा न उगवणाऱ्या वस्तूविषयी निकाल द्यावा लागतो. हा प्रश्न मला कधीच क्षुल्लक वाटलेला नाही, आणि चंदीगडच्या सेक्टर ३२ मधील एका मराठी घरात त्यावर झालेला वाद ऐकल्यापासून तर तो फार गंभीर वाटू लागला आहे.

या सेक्टरात १९९१ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि पंजाब, हरियाणा व हिमाचल या तिन्ही प्रांतांतून येणारी माणसे सकाळपासून तिथल्या खिडक्यांपुढे रांगा धरून असतात. त्याच सेक्टरात अक्कांचे घर. त्यांचे यजमान लष्कराच्या दंतवैद्यक दलात होते. १९४१ साली उभारल्या गेलेल्या त्या दलातील नोकरीने त्यांना अनेक छावण्या दाखवल्या आणि शेवटी चंडीमंदिरला आणून सोडले, तेव्हापासून हे कुटुंब इथलेच झाले. यजमान गेले, पण त्यांची पुस्तके, नियतकालिके आणि ती वाचण्याची सवय अक्कांपाशी राहिली. साताऱ्याहून त्यांचे धाकटे बंधू भाऊ पाहुणे म्हणून आले होते; हयात कोषागाराच्या दप्तरात गेलेली, संस्कृताचा व्यासंग उत्तम, आणि डाव्या बाजूची खालची दुसरी दाढ अक्रोड फोडताना दुभंगलेली. दंतवैद्याने दोन्ही मार्ग सांगितले होते. संध्याकाळी व्हरांड्यात बहीणभावंडांत जे बोलणे झाले ते उभयतांच्या परवानगीने पुढे देतो. माझे मत जिथे आवरले नाही तिथे तेही सांगितले आहे.

भाऊ : अक्का, रागावू नकोस, पण माझ्या टेबलावर कोणतीही मागणी आली की मी दोनच गोष्टी पाहत असे, रक्कम किती, आणि ती खर्ची पडल्यावर सरकारच्या हाती काय येणार. या दाढेसाठी आधी नस काढायची, मग मुळांतल्या वाटा साफ करायच्या, मग त्या भरायच्या, वर कॅप बसवायची. तीन-चार खेपा आणि काही हजार रुपये. एवढे करून हाती काय येणार, तर निर्जीव दाढ. काढायची म्हटली तर लिग्नोकेनची सुई, थोडा वेळ, आणि दोन दिवस मऊ भात. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने एवढी तरतूद एका दाढेवर का करावी?

अक्का : तू पहिल्या दिवसाचा खर्च मांडलास, पुढच्या वर्षांचा मांडला नाहीस. दाढ गेली की मागचा-पुढचा दात त्या रिकाम्या जागेकडे कलतो. समोरच्या जबड्यातील तिची जोडीदार, कोणी अडवणारे न उरल्यामुळे, हळूहळू बाहेर येऊ लागते. आणि जबड्याचे जे हाड केवळ त्या मुळांच्या आधारासाठी तिथे होते ते झिजते. पहिल्याच वर्षात त्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी उरते, असे मोजून पाहिलेले आहे. मग तिथे काही बसवायचे म्हटले तर आधी हाडाची चिंता. गोटेनबर्गच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली टायटेनियमचा खुंट माणसाच्या जबड्यात प्रथम बसवला, हाड त्याला धरून राहते हे सिद्ध केले, आणि जगभर लोकांची सोय झाली. पण त्या खुंटाची किंमत विचारून ये, म्हणजे तुला आज महाग वाटणारा मार्ग स्वस्त वाटेल.

भाऊ : खुंट बसवायचाच असे कोठे आहे? जागा रिकामी राहू दे. तुझ्याच कपाटातील एका जुन्या अंकात मी काल वाचले की हॉलंडातील नायमेखेनचे आर्न्ड कायझर यांनी १९८१ साली असे मांडले की वरच्या-खालच्या मिळून वीस दातांच्या, म्हणजे समोरासमोर येणाऱ्या दहा जोड्या शाबूत असल्या तर माणसाचे चर्वण, बोलणे, दिसणे यांत विशेष उणे राहत नाही. शेवटच्या दाढा गेल्या तरी त्या प्रत्येकीच्या जागी काही बसवण्याचा हट्ट वैद्यांनी धरू नये. जपानने १९८९ पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात हे ध्येय सगळ्या देशापुढे ठेवले आहे. बत्तीस नव्हे, वीस. ज्यांनी आयुष्यभर हाच अभ्यास केला ते वीस पुरे म्हणतात आणि तू मला अठ्ठाविसाव्यासाठी कर्ज काढायला सांगतेस!

अक्का : कर्ज काढ असे कोण म्हणाले? आणि वीस पुरे होतात याचा अर्थ आठ फेकून द्यावेत असा होत नाही. ऐंशीव्या वर्षी वीस उरावेत म्हणून एकाहत्तराव्या वर्षी प्रत्येक दात जपावा लागतो, हे तुझ्या जपानी लोकांनाही मान्य असेल.

इथे भाऊंनी क्षणभर थांबून दुसरे शस्त्र काढले, आणि ते फार जुन्या शस्त्रागारातले होते. मृत दाताच्या मुळाशी विष साठते आणि ते रक्तावाटे सांध्यांत व हृदयात उतरते अशी त्यांची समजूत, त्यांच्या पिढीतील पुष्कळांची असते तशी, वडिलांकडून आलेली होती.

अक्का : ही समजूत कुठून आली ते ऐक. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश वैद्याने माँट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठात व्याख्यान दिले आणि कुजक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर घणाघात केला. त्यात सत्यांश होता. घाण झाकून वर सोने बसवणे पापच होते. पण त्यातून निघालेल्या सिद्धान्ताने सांधेदुखी, अशक्तपणा, उदासी, ज्या व्याधीचे कारण सापडेना तिचे खापर दातांवर फोडले, आणि पुढची दोन-तीन दशके युरोप-अमेरिकेत धडधाकट दातांचे संहारपर्व चालले. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या वेड्यांच्या इस्पितळात हेन्री कॉटन हे अधीक्षक वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात उपटीत आणि तेवढ्याने भागले नाही तर पोटातील अवयव कापून काढीत. कित्येक त्यातच दगावले. दात गेले, रोग राहिले. शतकाच्या मध्यापर्यंत तो सिद्धान्त मोडीत निघाला. ह्यांना या एका गोष्टीचा फार संताप येई. म्हणत, काढलेला दात परत लावता येत नाही एवढे लक्षात ठेवून ज्याने चिमट्याला हात घातला नाही त्याने दंतवैद्य होऊ नये.

भाऊ : मग आपल्याच ग्रंथाकडे ये. सुश्रुताने मुखरोगांच्या चिकित्सेत कृमिदन्ताविषयी स्पष्ट सांगितले आहे की हलणारा दात उपटावा आणि ती जागा डागावी. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या शल्यविदाला जे उमगले ते नाकारायचे कशाला?

अक्का : उपटण्याविषयी तेथे आणखी काही आहे की नाही?

मला भाऊंचे कौतुक वाटते ते यासाठी, की वादात आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगून झाल्यावर गैरसोयीचा अर्धा विचारला गेला तेव्हा त्यांनी तो गिळला नाही. जो कृमिदन्त स्थिर आहे, हलत नाही, त्याच्यासाठी सुश्रुत शेक, रक्तमोक्षण आणि लेप असे उपचार सांगतो, उपटायला सांगत नाही; आणि वरच्या जबड्यातील, मुळाशी घट्ट बसलेला दात ओढून काढल्याने अतिरक्तस्राव होऊन दृष्टी जाण्यापर्यंत आणि तोंड वाकडे होण्यापर्यंत अनर्थ होतात, म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने त्याला हात लावू नये, असा त्याचा इशारा आहे. भाऊंनी हे सगळे सांगितले. शिवाय वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दाताचा पोकळ भाग गूळ किंवा मेण भरून तप्त शलाकेने डागण्याचा विधी आहे, तोही आठवणीने जोडला. पोकळी भरून दात जागेवर राखण्याची कल्पना आपल्याकडे केवढी जुनी आहे हे ऐकून अक्कांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांनीही तितक्याच प्रांजळपणे भावाची बाजू घेतली.

अक्का : म्हणजे दात हलता की स्थिर हा पहिला प्रश्न, आणि तो तुझ्या दाढेला आपण अजून विचारलाच नाही. ह्यांची रीत सांगते. ते रुग्णाला पैशाचे शेवटी विचारीत. प्रथम पाहत, हिरडीच्या वर दाताची निरोगी भिंत सर्व बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी उरली आहे का. कारण कॅप त्या भिंतीला धरून राहते, आणि भिंत नसली तर कितीही चांगली कॅप आज ना उद्या मुळासकट निखळते. मग पाहत, चीर कुठवर गेली आहे. माथ्यापुरती असेल तर ठीक, मुळात उतरली असेल तर ती दाढ ब्रह्मदेवालाही वाचवता येत नाही. आणि मग विचारीत, ही दाढ कशावर चावते? तुझ्या दाढेची वरची जोडीदार कुठे आहे?

भाऊ : ती साताऱ्यातच काढली, बरीच वर्षे झाली.

अक्का : आणि चीर?

भाऊ : फोटोत गालाकडची भिंत हिरडीखाली मोडलेली दिसते असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या बाजूची उभी आहे.

अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. ज्या दाढेला चावायला समोर कोणी नाही, जिची एक भिंत हिरडीखाली गेली आहे, आणि जी वीस दातांच्या हिशोबाबाहेरची आहे, ती राखण्यासाठी हिरडी कापून, मूळ वर ओढून, खुंटी घालून कॅप बसवण्याचा खटाटोप करता येतो. दंतशास्त्र आज तेवढे समर्थ आहे. परंतु समर्थ आहे म्हणून कर्तव्य ठरते असे मला वाटत नाही, आणि ‘तुझी काढू दे’ असे अक्का शेवटी म्हणाल्या तेव्हा त्यात पराभव नव्हता; ज्या कसोट्या त्यांनी मांडल्या त्यांचाच तो निकाल होता. दाढेची बाजू घेणाऱ्यानेच दाढ काढायला सांगावी, यापेक्षा अधिक विश्वासार्ह सल्ला रुग्णाला मिळणे कठीण.

वाद इथे मिटला असता तर मी तो लिहायला घेतला नसता. पण अक्कांच्या घरी रोट्या करायला येणारी मुलगी, वय चोविसाच्या आसपास, पूर्व उत्तर प्रदेशातून नवऱ्यामागे इथे आलेली, त्याच आठवड्यात गालाला ओढणी बांधून काम करीत होती. तिचीही खालची दाढ किडलेली, पण पहिली दाढ. म्हणजे सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पाडता, गुपचूप येणारी ती दाढ, जिला आईबाप दुधाचीच समजून ‘पडेल आपोआप’ म्हणतात आणि म्हणून जी सगळ्यांत आधी सडते. तिलाही दोन्ही मार्ग सांगितले गेले होते आणि तिचा निर्णय झाला होता : काढायची.

भाऊ : तिचे चुकले. आणि हे मी म्हणतो आहे, जो मघापासून काढण्याच्या बाजूने भांडतो आहे. माझी दाढ निवृत्त झालेली. तिची आत्ता कुठे रुजू झालेली आहे. पुढची चाळीस वर्षे ती कामावर राहील असे धरले तर वर्षाला येणारा खर्च काढ. मला एवढ्या स्वस्तात कोणी कारकून दिला नसता. आणि सर्वांत जास्त चर्वण पहिल्याच दाढेवर होते.

अक्का : हिशोब बरोबर आहे, पण तो तिचा नाही. चाळीस वर्षांनी भागण्याची सोय ज्याच्यापाशी आज पूर्ण रक्कम आहे त्याला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, हे तिच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. सरकारी रुग्णालयात फी थोडी असते हे तिलाही ठाऊक आहे. तिला विचारलेस का काढायची म्हणते? चार घरची कामे आहेत. काढायला एक सकाळ जाते, वाचवायला चार जातात, आणि प्रत्येक सकाळी रांग. दोन घरांनी तर खाडे झाले तर दुसरी पाहू असे तिला सांगूनच ठेवले आहे.

ही गोष्ट मला मोठी लाज वाटण्यासारखी वाटते, आणि ती एखाद्या शहराची किंवा रुग्णालयाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे आणि कायमच्या दातांची उपचार न झालेली कीड ही एकटीच सुमारे २०० कोटी लोकांना पिडते आहे. आपल्या देशातही राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आता आहे. पण माणसाचा दात वाचवायचा असेल तर औषधाच्या तरतुदीइतकीच त्याच्या चार सकाळींची तरतूद कोणी तरी करायला हवी, आणि ती कोणत्याच दप्तरात मंजूर होत नाही. ज्याला पगारी रजा आहे तो दाढ वाचवतो, ज्याला खाडा पडतो तो काढतो. आणि मग आपण म्हणतो की गरिबांना दाताची किंमत कळत नाही.

अक्का : म्हणून मी ठरवले आहे. पैसे मी देणार आणि त्या चार सकाळी तिला इथे कामाला यायचे नाही, पगार पूर्ण. बाकीच्या तीन घरांना मी जाऊन सांगते.

भाऊ : घाई करू नकोस. पैसे तू देणार म्हणजे ती वर्षभर तुला नाही म्हणू शकणार नाही, आणि हेही ओझेच आहे. तसलमात म्हणून दे.

अक्का : आणि दरमहा पगारातून कापून घेऊ? बारा महिने तिला तिच्या दाढेची आठवण करून देऊ? ते मला जमणार नाही.

भाऊ : मग निदान तिला आधी विचार. दाढ तिची आहे. ती काढायचीच म्हणाली तर?

अक्का : तर काढेल. पण आधी तिला कोणी तरी सांगितले पाहिजे की नस काढल्यावर ठणका थांबतो, दाढ राहते आणि चारच खेपा लागतात. तिच्या गावाकडच्या बायकांनी तिला सांगितले आहे की रूट कॅनाल म्हणजे डोळ्यावर येते.

या ठिकाणी भाऊंनी जो मुद्दा काढला तो या सबंध संभाषणात मला सर्वांत मोलाचा वाटला, आणि तो दप्तरात केस पांढरे झालेल्या माणसालाच सुचण्यासारखा होता. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन, कधी कधी चार, वाटा असतात. त्यांतली सडकी नस काढून, हायपोक्लोराइटने धुऊन, मलायातील एका वृक्षाच्या चिकापासून होणाऱ्या गटापर्चाने त्या बंद केल्या की वेदना संपते, आणि वेदना संपली की बहुतेक रुग्ण परत येत नाहीत. पण ती दाढ आतून पोखरली गेल्यामुळे ठिसूळ झालेली असते. कॅप न बसवता तिच्यावर चणे-दाणे खाल्ले की एके दिवशी ती उभी चिरते, आणि तेव्हा मात्र काढण्यावाचून मार्ग राहत नाही. म्हणजे वाचवण्याचा खर्चही गेला आणि दाढही गेली.

भाऊ : तुझ्याच कपाटातला हा २००४ सालचा लेख बघ. अमेरिकेत विमा कंपनीच्या नोंदींवरून चौदा लाखांहून अधिक दातांचा आठ वर्षांचा हिशोब मांडला आहे, आणि शेकडा ९७ दात जागेवर राहिले. अशी शिल्लक मी कुठल्या खात्यात पाहिलेली नाही; मघाशी निर्जीव दाढ म्हणून मी जे हिणवले ते मागे घेतो. पण पुढची ओळ वाच. जे काढावे लागले त्यांतल्या शेकडा ८५ दातांवर पूर्ण टोपी नव्हती. अर्धे काम करून सोडलेली प्रत्येक फाइल मला अशीच त्रास देत असे.

अक्का : म्हणजे तू म्हणतोस, नसेचे काम करू नये?

भाऊ : करावे, पण कॅपची रक्कम आधी वेगळी काढून ठेवावी, आणि ती दुसऱ्या कशावर खर्ची पडणार नाही अशी. सणाला पाहुणे आले, शाळेची फी निघाली, की पहिला घाला तिच्यावरच पडतो, कारण त्या वेळी दाढ दुखत नसते. तिच्या हाती देऊ नकोस. तुझ्याही पर्समध्ये ठेवू नकोस. पाकिटात घालून वर तारीख लिही. ती तारीख ओलांडू द्यायची नाही.

अक्का : तारीख तू लिही, तुझा हात त्यात बसलेला आहे. आणि अर्धी रक्कम तुझी.

भाऊ : अर्धी माझी, कबूल. माझ्या दाढेचे जे वाचले तेच आहे ते.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली तेव्हा अक्कांनी तिला खुर्चीवर बसवून हिंदीत सगळे समजावले. तिने दोनच प्रश्न विचारले, रात्री झोप येईल ना, आणि शेजारच्या घरी तुम्ही बोलाल ना. दोन्हींना हो मिळाल्यावर ती वाचवायला तयार झाली. भाऊंची दाढ काढण्याची वेळ गुरुवारी होती आणि मुलीची पहिली खेप शुक्रवारी. भाऊंनी बहिणीला एवढेच विनवले की चिमटा लावण्यापूर्वी क्ष-किरणाचा फोटो तिने स्वतः उजेडात धरून पाहावा, आणि गालाकडची भिंत डॉक्टर म्हणतात तितकी खाली गेलेली नसली, तर गुरुवारची वेळ रद्द करून पुन्हा विचार करण्यास त्यांची हरकत नाही.